मध्यममार्गी प्रवासाचे अंदाजपत्रक

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात: कोठे जाणार आणि कधी परतणार? किती खर्च करणार, हा तिसरा प्रश्न शिष्टाचारामुळे ओठांवरच थांबतो. वस्तुतः पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या तिसऱ्यावर अवलंबून असतात. ज्याने तो स्वतःला वेळेवर विचारला नाही, त्याला तो परक्या देशात, परक्या भाषेत आणि बहुधा रात्रीच्या वेळी दुसरा कोणीतरी विचारतो.

प्रवासाच्या खर्चाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला पदरी काही न बाळगता निघणाऱ्या यात्रेकरूचा. त्याचे अन्न सदावर्तात आणि निद्रा धर्मशाळेत. दुसरा धनिकाचा, त्याला हिशेबाची गरज भासत नाही. या दोहोंच्या मध्ये जो असतो त्याचाच प्रश्न खरा अवघड. त्याला स्वच्छ खोली हवी, पण आलिशान नको. पोटाला मानवेल असे अन्न हवे, पण मेजवानी नको. पाहावयाचे ते नीट पाहावयाचे आहे, पण घरी परतल्यावर कर्जाचा हप्ता दाराशी उभा नको. मध्यम खर्च म्हणजे या दोन टोकांची सरासरी नव्हे. कोठे हात सैल सोडावा आणि कोठे आवळावा यासंबंधी घरातून निघण्यापूर्वी घेतलेला निर्णय, असाच त्याचा अर्थ केला पाहिजे.

हा विषय आपल्याला नवा नाही. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानात निघाले, ते मुळात अर्थार्जनासाठी. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. हिशेब तसा चोख होता. परंतु वाटेत बंडाचा वणवा पेटला. १८५८ साली झाशी पडली, तेव्हाच्या लुटीत जवळचे द्रव्य गेले. पुढे काशीपर्यंत भटकून भटजी घरी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ धनापेक्षा गंगाजलाचेच माप अधिक होते. त्यांचा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. इतिहास म्हणून तो आपण वाचतोच. पण ज्यात जमेची बाजू अंदाजाने धरलेली होती आणि अनपेक्षित संकटासाठी काहीच राखून ठेवलेले नव्हते, अशा प्रवासाचा ताळेबंद म्हणूनही तो वाचता येतो.

दुसरे उदाहरण काल्पनिक, परंतु जगप्रसिद्ध आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या १८७३ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्यास निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत वीस हजार पौंड असतात. मुंबईहून अलाहाबादकडे जाताना मध्येच लोहमार्ग संपतो आणि त्याला दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात हा मार्ग १८७० सालीच जबलपूर येथे जोडला जाऊन मुंबई व कलकत्ता रेल्वेने एकत्र आली होती. लेखकाने कथेच्या सोयीसाठी तो अपुरा ठेवला. अखेरीस फॉग वीस हजारांची पैज जिंकतो खरा, पण त्यातील सुमारे एकोणीस हजार वाटेतच खर्ची पडलेले असतात. प्रत्येक अंदाजपत्रकात एक हत्ती दडलेला असतो, एवढे त्यावरून ध्यानात ठेवावे.

याच लोहमार्गावर जबलपूरच्या पुढे सिहोरा रोड हे स्थानक लागते आणि तेथून पश्चिमेस काही कोसांवर मझौली हे तहसिलीचे गाव आहे. विष्णुवराहाचे प्राचीन मंदिर ही त्याची ओळख. जबलपूरच्या परिसरात मराठी माणूस भोसल्यांच्या अमलापासून आहे. पुढे रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, कचेऱ्या आणि शाळा यांच्या निमित्ताने त्याची वस्ती वाढली. अशा एखाद्या मराठी भूगोल-शिक्षकाचे उदाहरण येथे कल्पावे. आयुष्यभर त्यांनी मुलांना फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून दाखविला. मझौली पूर्व रेखांशाच्या सुमारे ८० अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे याप्रमाणे शून्य रेखांशावरील गावी सूर्य येथल्यापेक्षा पाच तास वीस मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, हे गणित त्यांनी शेकडो वेळा करून घेतले. ती शून्याची रेषा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना देशातील टेमा या बंदरातून जाते. निवृत्तीनंतर एकदा ती पाहावी, असे गुरुजींच्या मनात आहे. पत्नीची तयारी आहे. हाती निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम आहे. ती रक्कम पुन्हा मिळणार नाही, हेही दोघांना ठाऊक आहे.

अशा जोडप्याने प्रथम काय करावे? विमानाचे भाडे विचारू नये. प्रथम घराचा कागद काढावा. वर्षभराचा घरखर्च, आजारपणासाठी बाजूस ठेवावयाची रक्कम, डोळ्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली असेल तर तिचा खर्च, पावसाळ्यापूर्वी करावयाची छपराची दुरुस्ती, मुलाबाळांना दिलेली वचने, हे सर्व वजा करून जे उरेल त्यातूनच प्रवासाची मर्यादा ठरवावी. प्रवासाची रक्कम ही उरलेली असावी, उचललेली नसावी. बहुतेक अंदाजपत्रके बिघडतात ती येथेच. कारण आपण आधी देश ठरवितो, मग दर विचारतो आणि शेवटी तेवढे पैसे कोठून उभे करावे या विवंचनेत पडतो. क्रम उलटा केला की निम्मी चिंता कमी होते.

समजा, अशा वजाबाकीनंतर दोघांसाठी चार लक्ष रुपये ही मर्यादा निघाली आणि प्रवास चौदा दिवसांचा ठरला. या रकमेचे शंभर भाग कल्पावेत. त्यांपैकी चाळीस भाग विमानासाठी आणि मझौलीहून मुंबईपर्यंत जाण्यायेण्यासाठी, वीस निवासासाठी, दहा अन्नपाण्यासाठी, दहा घानातील अंतर्गत प्रवासासाठी, पाच प्रवेशशुल्क व वाटाड्यांसाठी, पाच प्रवेशपरवाना, लस, औषधे व विमा यांसाठी, आणि उरलेले दहा राखीव. रुपयांत सांगावयाचे तर विमान व रेल्वेला १,६०,०००, निवासाला ८०,०००, अन्नाला ४०,०००, अंतर्गत प्रवासाला ४०,०००, दर्शनीय स्थळांना २०,०००, कागदपत्रे व आरोग्याला २०,००० आणि राखीव ४०,०००. ही केवळ चौकट आहे. दर महिन्यागणिक बदलतात आणि ते प्रत्यक्ष विचारूनच घ्यावे लागतात. परंतु चौकट आधी असली म्हणजे विचारलेला दर जास्त की कमी हे समजते. तिकीट चाळीस भागांत बसले नाही, तर ते कोणत्या भागातून भरून काढावयाचे याचा निर्णय घरीच करता येतो, विमानतळावर नव्हे.

यातील पहिला आणि सर्वांत मोठा भाग तिकिटाचा. भारतातून घानाची राजधानी अक्रा येथे जाताना बहुधा अदिस अबाबा किंवा दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. येथे तारखेची निवड हाच काटकसरीचा मुख्य मार्ग. अमेरिकेत व युरोपात स्थायिक झालेले घानावासी आणि आफ्रिकी वंशाचे अनेक लोक नाताळच्या सुमारास मायदेशी येतात. १६१९ साली इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतीत आफ्रिकी बंदिवान उतरविले गेले, त्यास चारशे वर्षे झाली म्हणून घाना सरकारने २०१९ हे ‘परतीचे वर्ष’ म्हणून साजरे केले. डिसेंबरातील ही गर्दी त्यानंतर अधिकच वाढली. तेव्हा त्या महिन्यात विमान व खोली दोन्ही महाग. उलट मे-जून हा आपल्याकडील सुटीचा काळ तेथे दक्षिणेत मुसळधार पावसाचा. नोव्हेंबर ते मार्च हे महिने कोरडे असतात. मात्र सहाराकडून येणाऱ्या हरमाटान वाऱ्यामुळे हवेत धूळ असते. निवृत्त माणसाला सुटीचे बंधन नाही. त्याने जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडला, तर गर्दी ओसरलेली असते आणि रस्तेही कोरडे असतात. वेळ हे निवृत्तांचे एक प्रकारचे धनच आहे. ते योग्य ठिकाणी खर्चिले की पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट आरोग्याची. आणि या भागात काटकसरीचा विचारही मनात आणू नये. घानात प्रवेश करण्यासाठी पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य होते. २०१६ पासून ते जन्मभर चालते. परंतु या कागदाचे महत्त्व जाताना जेवढे, त्याहून परतताना अधिक. भारतात पीतज्वर नाही. मात्र त्याचा प्रसार करणारा डास येथे भरपूर आहे. म्हणून पीतज्वराच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाजवळ ग्राह्य प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही; ती सरकारमान्य केंद्रांतच टोचली जाते. मझौलीच्या रहिवाशाला त्यासाठी मोठ्या शहरी जावे लागेल. तो रेल्वेखर्च आणि तेथील एका रात्रीचा मुक्काम या भागात आधीच धरला पाहिजे. शिवाय साठी उलटलेल्यांनी ही लस घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण त्या वयात तिचे दुष्परिणाम होण्याचा संभव अधिक असतो. वैद्यांनी नकार दिला तर प्रवासाचा बेतच बदलावा लागेल. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी हा सल्ला घेणे, हे आरोग्याइतकेच अर्थशास्त्राचेही तत्त्व आहे. हिवताप घानात बारमाही आहे. त्यावरील प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाणी आणि परदेशातील रुग्णालयाचा खर्च उचलणारा विमा, या तिन्ही बाबी यादीत हव्यातच.

तिसरी गोष्ट चलनाची. घानाच्या नाण्याचे नाव सेडी. हा शब्द तेथील अकान भाषेतील कवडीच्या नावावरून आला आहे. आपल्याकडे ‘फुटकी कवडी’, ‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’ हे शब्द अजून जिभेवर आहेत; पण ती कवडी कोठून येत होती, हे सहसा ध्यानी येत नाही. मालदीव बेटांच्या समुद्रात सापडणारी ही कवडी एकीकडे बंगालमार्गे हिंदुस्थानच्या बाजारात चाले आणि दुसरीकडे अरब व नंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिम आफ्रिकेत पोहोचे. म्हणजे मझौलीचा वाणी आणि घानाचा विक्रेता यांच्या पूर्वजांनी एकाच समुद्राचे सुटे पैसे मोजले असणे अशक्य नाही. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता १३५२ साली सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला. त्या देशात प्रवाशाने शिधा किंवा सोन्यारूप्याची नाणी बाळगण्याचे कारण नाही. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि लवंगांसारखे सुगंधी पदार्थ दिले की वाटेत हवे ते मिळते, असे त्याने नमूद केले आहे. जेथे जावयाचे तेथे काय चालते ते आधी जाणून घ्यावे, हा नियम सहाशे वर्षांहून जुना आहे.

आज मीठ आणि मणी चालत नाहीत. पण रुपयाही तेथे सहज बदलून मिळेल, असे धरून निघू नये. डॉलर किंवा युरो न्यावेत, ते अधिकृत विनिमय केंद्रात थोडेथोडे बदलावेत आणि सोबत आंतरराष्ट्रीय व्यवहाराचे कार्ड ठेवावे. ‘थोडेथोडे’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. सेडी १९६५ साली सुरू झाला. चलनवाढीमुळे त्याचे मोल इतके घटले, की २००७ साली चार शून्ये पुसून दहा हजार जुन्या सेडींचा एक नवा सेडी करावा लागला. २०२२ च्या डिसेंबरात तेथील महागाईचा वार्षिक दर ५४ टक्क्यांवर गेला आणि सेडी डॉलरच्या तुलनेत कोसळला. २०२५ मध्ये तोच सेडी पुन्हा झपाट्याने सावरला. अशा चलनात सहा महिने आधी मांडलेला हिशेब निघण्याच्या दिवशी निरुपयोगी ठरतो. म्हणून अंदाजपत्रक रुपयांत व डॉलरांत मांडावे, सेडीतील आकडे निघण्याच्या आठवड्यात भरावेत आणि एकदम मोठी रक्कम सेडीत बदलून ठेवू नये. घसरणाऱ्या चलनात स्वस्ताई दिसली, तरी ती तेथील गरिबाच्या पगाराच्या घसरणीतून आलेली असते, याचे भान सुटे पैसे देताना असावे.

आता मार्गाचा विचार. नकाशा समोर धरला की मोह होतो. उत्तरेस मोले येथे हत्तींचे अभयारण्य आहे, लाराबांगा येथे मातीची जुनी मशीद आहे. परंतु अक्राहून त्या बाजूचे मोठे शहर तमाले सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. चौदा दिवसांत ते साधावयाचे तर प्रवासाचा खर्च दुप्पट होईल, मुक्कामांच्या जागा वाढतील आणि दोन-तीन दिवस गाडीतच जातील. मध्यममार्गी प्रवाशाला येथे एक कठोर निवड करावी लागते. रोजच्या जेवणातून चार पैसे वाचविण्यापेक्षा पाहावयाच्या ठिकाणांतून दोन नावे कमी करणे, हीच खरी काटकसर. गावे कमी आणि मुक्काम लांब, असा बेत केला म्हणजे गाडीभाडे घटते, एकाच ठिकाणी अनेक रात्री राहणाऱ्याला खोलीच्या दरातही सवलत मागता येते आणि शरीरालाही विसावा मिळतो.

तेव्हा अक्रा, केप कोस्ट आणि कुमासी असा त्रिकोण आखावा. अक्राहून पश्चिमेस किनाऱ्याने केप कोस्ट सुमारे दीडशे किलोमीटर. तेथून उत्तरेस अशांती लोकांची राजधानी कुमासी सव्वादोनशेच्या आसपास. आणि कुमासीहून परत अक्रा सुमारे अडीचशे. अक्रात चार रात्री, केप कोस्टला तीन, कुमासीला तीन आणि परतताना पुन्हा अक्रात दोन, अशा बारा रात्री होतात. निवासाचे ८०,००० रुपये बारांत विभागले तर रात्रीस सुमारे ६,६०० रुपये पडतात. अक्रा महाग आहे, तेथे यापेक्षा अधिक द्यावे लागतील. ते कुमासी व केप कोस्ट येथे वाचवावेत. खोली निवडताना पंखा किंवा वातानुकूलन, खिडकीला जाळी, पाण्याची साठवण आणि वीज गेल्यास काय सोय, एवढे चार प्रश्न विचारावेत. विजेच्या बाबतीत एक छोटी सोय अशी, की आपल्या गोल खिळ्यांचे प्लग तेथे पुष्कळ ठिकाणी बसतात आणि दाबही आपल्यासारखाच असतो.

शहराशहरांमधील प्रवासासाठी ठरावीक वेळेच्या मोठ्या बसगाड्या आहेत; वयस्कर प्रवाशांनी त्यांचाच आश्रय घ्यावा. स्वस्तातले वाहन म्हणजे ‘ट्रोट्रो’. हे नाव गा भाषेतील तीन पेन्सच्या शब्दावरून पडले. एके काळी भाडे तेवढेच होते. उतारूंनी भरल्याखेरीज ही छोटी गाडी हलत नाही. सिहोरा ते मझौली हे अंतर खेड्यातील जीपने तोडणाऱ्या माणसाला या शिस्तीचे नवल वाटणार नाही. शहरातल्या शहरात एकदोन वेळा तिने जावे, लोकजीवन दिसते. परंतु सामान घेऊन व रात्रीच्या वेळी नव्हे. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. नंतर ठरविलेले भाडे हे भाडे नसून दंड असतो.

अन्नाविषयी शाकाहारी प्रवाशाने थोडे सावध राहावे. भात व चवळीसारखे दाणे एकत्र शिजवून केलेले ‘वाचे’, आंबविलेल्या मक्याच्या पिठाचे ‘केंके’, तळलेली मोठी केळी आणि घेवड्याच्या दाण्यांची लाल आमटी, हे पदार्थ पोट भरणारे व स्वस्त आहेत. मात्र आमटीत सुक्या मासळीची किंवा कोळंबीची पूड असण्याचा संभव फार, विचारूनच घ्यावे. अन्नासाठी दिवसाला दोघांना सुमारे ३,३०० रुपये येतात. दुपारचे जेवण स्थानिक खाणावळीत आणि रात्रीचे निवासाच्या जागी, असा क्रम ठेवला तर ते पुरावेत. अक्रात भारतीय उपाहारगृहेही आहेत; परंतु ती नित्याची नसून तोंडाला चव आणण्यापुरती धरावीत. पाणी बंद बाटलीचेच घ्यावे; तो खर्च उष्ण देशात वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

अंदाजपत्रकातील सर्वांत लहान भाग, म्हणजे प्रवेशशुल्क व वाटाडे यांचे पाच भाग, हाच या प्रवासाचा गाभा आहे. आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते, हे दुर्दैव. एल्मिना येथील किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला. १६३७ साली तो डचांकडे गेला आणि १८७२ साली इंग्रजांकडे. जवळच केप कोस्टचा किल्ला. सोन्याच्या व्यापारासाठी उभे राहिलेले हे किल्ले पुढे माणसांच्या व्यापाराची कोठारे झाले. तळघरांत शेकडो स्त्रीपुरुष कोंडले जात आणि समुद्राकडे उघडणाऱ्या अरुंद दारातून जहाजांवर चढविले जात. त्या खरेदीविक्रीत बंदुका, कापड, दारू यांबरोबर कवडीही चालत असे. आणि त्या कापडात हिंदुस्थानात विणलेल्या सुती कापडाचाही वाटा होता. म्हणजे हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका दूरचा नाही. घानाच्या किनाऱ्यावरील असे किल्ले १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. परदेशी पाहुण्याला तेथे देशवासीयांपेक्षा अधिक शुल्क पडते, तसे ते आपल्याकडील स्मारकांतही पडतेच. ते भरावे आणि जाणता वाटाड्या घ्यावा. त्याच्याविना तो किल्ला म्हणजे पांढऱ्या भिंती आणि समुद्राचे दृश्य. त्याच्यासह तो माणसाला माणसाची किंमत लावणाऱ्या हिशेबाची साक्ष आहे. त्या एका तासासाठी मझौलीहून निघालेल्या प्रवाशाने अन्य कोठेही काटकसर करावी, येथे करू नये.

त्याच भागात काकुमचे अरण्य आहे. तेथे १९९५ पासून उंच वृक्षांच्या शेंड्यांजवळून जाणारा दोरांचा झुलता मार्ग आहे. सात पूल, एकंदर सुमारे ३५० मीटर लांबी. गुडघे दुखणाऱ्याने खालूनच पाहावे. कुमासीत केजेतियाचा प्रचंड बाजार आणि मान्हिया राजवाड्यातील संग्रहालय. जवळच्या बोनवीरे गावी केंते वस्त्र विणणारे विणकर. येथे खरेदीचा मोह होणारच. खरेदीसाठी अंदाजपत्रकात वेगळा भाग ठेवलेला नाही, हे कोणाच्या ध्यानी आले असेल. तो मुद्दामच ठेवलेला नाही. दर्शनीय स्थळांच्या व अन्नाच्या भागांतून जे उरेल, त्यातूनच खरेदी करावी. राखीव भागाला मात्र हात लावू नये.

राखीव रक्कम म्हणजे खर्च न झालेली रक्कम, असा समज रूढ आहे; तो चुकीचा आहे. तीसुद्धा एक खर्चाचीच बाब आहे, फक्त तिचे नाव अजून ठरलेले नसते. आजारपण, चुकलेले विमान, हरवलेले पारपत्र, कोसळलेला किंवा वधारलेला सेडी, यांपैकी एखाद्याचे नाव तिला लागू शकते. गोडसे भटजींना ते नाव लुटीच्या रूपाने मिळाले, फॉगला हत्तीच्या. दोघांत फरक एवढाच, की एकाच्या पिशवीत त्यासाठी द्रव्य होते. ही रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवावी; पतीजवळ निम्मी, पत्नीजवळ निम्मी. आणि दोघांनाही सर्व हिशेब पूर्ण ठाऊक असावा. आपल्या घरांत पैशाचा तपशील बहुधा पुरुषाच्याच डोक्यात असतो. परक्या देशात तो एकाएकी तापाने अंथरुणाला खिळला, तर पत्नीला किती पैसे उरले आहेत, विम्याचा कागद कोठे आहे आणि परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे आहे, हे शोधत बसण्याची पाळी येऊ नये.

शेवटचे काम रोजचे आहे आणि त्याला पाच मिनिटे पुरतात. रात्री निजण्यापूर्वी दिवसाचा खर्च वहीत लिहावा, ठरविलेल्या भागाशी ताडून पाहावा आणि एखाद्या दिवशी खर्च वाढला असेल तर पुढील दोन दिवसांत तो कोठे भरून काढावयाचा हे तेथेच ठरवावे. परतल्यावर ती वही फेकून देऊ नये. पाहिलेल्या स्थळांची वर्णने पुष्कळ ठिकाणी मिळतात. पण कोणत्या महिन्यात गेलो, कोणते काम आधी करावयास हवे होते, कोणता खर्च वाया गेला आणि कोणता वाढवावयास हवा होता, हे प्रामाणिकपणे सांगणारे कागद थोडे असतात. मझौलीच्या शाळेतील एखाद्या तरुण शिक्षकाच्या हाती ती वही पडली, तर शून्य रेखांश हा त्याला केवळ फळ्यावरचा खडूचा ठिपका वाटणार नाही. तेथे जाण्यास काय लागते, हे आकड्यांत लिहिलेले त्याच्यासमोर असेल. आणि आपल्या मिळकतीतून ते कधी जमेल, याचा हिशेब त्याला आपल्यापुरता मांडता येईल.